रेडिओ का गप्प झाला

आमच्या जावयाला सगळा रस्ता रेडिओ म्हणायचा. त्याचं केस कापायचं दुकान. एक खुर्ची, एक बाक आणि समोरासमोर दोन आरसे. खुर्चीत बसलं की पुढं आपलं तोंड आणि मागं आपलीच पाठ, तीही एकात एक, पार विहिरीत उतरत गेल्यासारखी. आणि या सगळ्यावर जावयाचा आवाज. दुकानाचं दार उघडलं की सुरू, कुलूप लागलं की बंद.

एकदा काय झालं, एक गिऱ्हाईक नुसते केस कापायला आलं. जावई सांगत होता की दोन भावांनी एका विहिरीची वाटणी कशी केली. वाटणी होता होता गिऱ्हाइकाची मिशी उतरली. त्या माणसानं ओठावरून हात फिरवला, आरशात पाहिलं आणि विचारलं, बरं, पण धाकट्याच्या वाट्याला किती पाणी आलं? असा त्याच्या बोलण्याचा रंग. मिशी गेली तरी चालेल, पण गोष्ट अर्धी राहायला नको.

तर असा माणूस गप्प झाला.

आमची थोरली, म्हणजे त्याची बायको, एका दुपारी घरी आली. पाणीसुद्धा प्यायली नाही. म्हणाली, बाबा, हे बोलत नाहीत. मी विचारलं, भांडलात का? म्हणाली, भांडलो असतो तर बरं झालं असतं, निदान घरात आवाज तरी आला असता.

मग तिनं सगळं बाहेर काढलं. भल्या पहाटे उठतात, पिशवी घेऊन निघून जातात. चहा सोडला, साखर सोडली, तळलेलं सोडलं. जेवायला बसले की प्रत्येक घास असा चावतात की जणू त्या घासाची चौकशी चालली आहे. पोट आत गेलं, पट्ट्याला नवं भोक पाडलं. संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून बसतात. काय चाललंय विचारलं तर म्हणतात, स्वतःला सुधारतोय. दुकानाच्या बाजूच्या खिडकीतून काकडी, गाजर, कापलेली फळं, भिजवलेली कडधान्यं असे डबे विकायला लागलेत, आणि त्या पैशांचं काय करतात ते सांगत नाहीत. आणि गल्लीच्या टोकाला कुणी बाई श्वास घ्यायला शिकवतात, त्यांच्याकडे जातात.

"श्वास शिकायला लागतो का हो बाबा?" ती म्हणाली. "जन्मल्यापासून घेतायत की!"

मला हसू आलं, पण तिचं तोंड बघून मी ते गिळलं. चाळिशीच्या जवळचा पुरुष अचानक बारीक व्हायला लागला, नीटनेटका राहायला लागला आणि घरात गप्प बसायला लागला, तर कुठंतरी पाणी मुरतंय हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

माझे एक काका होते, बैलबाजाराचे पक्के. ते नेहमी बोलक्या माणसाकडूनच बैल घ्यायचे. गप्प बसणाऱ्याच्या बैलाला हातही लावायचे नाहीत. म्हणायचे, बोलणारा फार तर बैलाचं वय लपवतो, गप्प बसणारा बैल कुणाचा आहे तेच लपवतो. माझ्या कानात त्या दुपारी काकाच बोलत होते.

थोरली शेवटी उठली आणि दारात थांबून म्हणाली, "तुम्ही जाऊन बघा. दुसरं काही असेल तर मी त्या घरात राहणार नाही. आतली खोली झाडून ठेवा."

आमची ही उठली आणि खरोखरच केरसुणी घेऊन आतल्या खोलीत गेली. हिचा जावयावर कधीच विश्वास नव्हता. आधी तो फार बोलतो म्हणून नव्हता, आता बोलत नाही म्हणून नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी दाढी वाढलेली आहे असं निमित्त काढून दुकानात गेलो. बाकावर शेजारचा बेकरीवाला बसला होता. पूर्वी तिथं दाढी नसलेली माणसंसुद्धा नंबर लावून बसायची. आता तो एकटाच, तोही वर्तमानपत्र उलटं धरून. त्यानं मला बाहेर ओढलं आणि कुजबुजला. त्याचं म्हणणं, इतकी वर्षं हा बोलायचा आणि आम्ही ऐकायचो, त्यामुळे आमचं काही बाहेर जायचं नाही. आता हा गप्प असतो, म्हणजे ऐकतो. ऐकतो म्हणजे कुणाला तरी सांगत असणार. नाहीतर गाजरं विकून कुणाचं भलं झालंय?

मी त्याला विचारलं, तुझं असं काय आहे जे कुणाला सांगण्यासारखं आहे? त्यावर तो जो गप्प झाला, तो मी पुन्हा आत जाईपर्यंत. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

खिडकीशी जावई एका डब्यातले भिजवलेले मूग खात उभा होता. मी म्हटलं, काय जावईबापू, कसं काय? त्यानं मान हलवली आणि खात राहिला. मूग गिळून गप्प बसणं आम्ही लहानपणी शाळेत पाठ केलं होतं, पण प्रत्यक्ष करताना माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

मी खुर्चीत बसलो. त्यानं फडकं बांधलं, फेस केला, चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरवला. मी मुद्दामच विषय काढले. पावसाचा काढला, भाजीच्या भावाचा काढला. माझ्या गुडघ्याचाही काढला, ज्यावर पूर्वी त्यानं तीन वेगवेगळी औषधं सांगितली असती. काही नाही. फक्त वस्तऱ्याचा आवाज. श्वास आत घ्यायचा, थांबायचा, श्वास सोडताना एक हात मारायचा. आणि डाव्या हातानं स्वतःचं उजवं मनगट घट्ट धरलेलं.

माणूस बोलत असला की वस्तरा गळ्यावर आहे हे आठवत नाही. तो गप्प असला की दुसरं काही आठवत नाही. समोरच्या आरशात मी माझा गळा पाहत होतो, आणि मागच्या आरशातल्या त्या विहिरीत माझे कितीतरी गळे आणि तितकेच गप्प जावई. मनात म्हटलं, याला जर कळलं असेल की सासरा हेरगिरीला आलाय, तर? घाम फुटला. त्यानं तो टिपला, तुरटी फिरवली, पैसे घेतले नाहीत. दाढी मात्र गुळगुळीत झाली होती, आणि त्यामुळे माझा संशय आणखीच वाढला. काहीतरी लपवायचं असलं की माणूस काम फार नीट करतो.

मग मी श्वासवाल्या बाईंकडे गेलो. म्हणजे आत नाही, खिडकीशी. एक मोठी खोली, फरशीवर चटया. बायका, पुरुष, म्हातारे असे सगळे डोळे मिटून बसलेले. बाई माझ्या हिच्या वयाच्या, चष्मा नाकावर घसरलेला, पायात लोकरीचे मोजे. हे पाहून मला बरं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडी निराशाही झाली. इतका संशय घेऊन गेलो आणि निघाले मोजे.

जावई कोपऱ्यात होता. सगळ्यांचे हात गुडघ्यांवर. त्याचा डावा हात उजव्या हातावर, आजारी लेकराला मांडीवर घेऊन थोपटावं तसा. मी तेव्हा पाहिलं, पण मला उमगलं नाही.

दुसऱ्या दिवशी थोरली घरी आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. मोज्यांचं सांगितलं तेव्हा तिचा चेहरा जरा सैल झाला. मनगटाचं आणि त्या थोपटण्याचं सांगितलं तेव्हा पुन्हा आवळला. मग म्हणाली, चला.

दुपारी दुकान रिकामं असतं. तिनं आत जाऊन दार ओढून घेतलं, बाजूची खिडकी लावली आणि मला खुर्चीत बसवलं. मी म्हटलं, अगं, कालच झाली. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बाबांची दाढी करा," ती नवऱ्याला म्हणाली. "पण आधी करायचात तशी. बोलत बोलत."

जावई उभाच राहिला. म्हणाला, काय बोलू? ती म्हणाली, काहीही बोला. ती दोन भावांची विहीर सांगा.

त्यानं फेस लावला. गोष्ट सुरू केली. थोरल्याचं नाव, धाकट्याचं नाव, विहीर कुठं होती. आवाज तोच, मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! डोळे मिटून मी ऐकायला लागलो. मग गोष्ट अडली. डोळे उघडले तर वस्तरा माझ्या गालाच्या बाजूला हवेत होता, आणि त्याचं पातं थरथरत होतं. जोरात नाही. पाण्याच्या भांड्याजवळून कुणी पाय आपटत गेलं की पाणी हलतं ना, तेवढं. तेवढंच, पण थांबत नव्हतं.

त्यानं वस्तरा मिटला आणि आरशाखालच्या फळीवर ठेवला.

"मामा," तो म्हणाला, "तुमच्या गळ्याला हात लावायची माझी छाती नाही."

मग तो बोलला. इतक्या दिवसांचं साठलेलं. पहिल्यांदा बेकरीवाल्याच्या कानामागं रक्ताची एक बारीक रेघ उठली, त्याला कळलीसुद्धा नाही, कारण तो हसत होता. पण यानं पाहिली. मग लक्ष ठेवायला लागला. बोललं की हात हलतो, गप्प राहिलं की कमी हलतो. चहा सोडला तर आणखी कमी. पोट हलकं ठेवलं, पहाटे चालून आलं, श्वास मोजून काम केलं की दुपारपर्यंत निभतं. म्हणून सगळं सुधारायला घेतलं. पहाटेची पिशवी फळं आणि भाज्या आणायला. आणि तरी एखाद्या दिवशी खुर्ची बंद पडलीच तर घर चालावं म्हणून ते डबे. त्याचे पैसे तो वेगळे ठेवत होता, त्या दिवसासाठी.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"वस्तरा विश्वासावर चालतो. एकाला कळलं की रस्त्याला कळतं."

"मी रस्ता आहे का?"

मग तिनं जे विचारलं ते ऐकून मला कळलं की संशय इतक्या सहज जात नाही. तिनं विचारलं, त्या बाईंना सांगितलं होतंत? तो म्हणाला, नाही. तिथं कुणी कुणाला विचारत नाही, म्हणून तर जात होतो.

ती रडली नाही. तिनं फळीवरचा वस्तरा उचलला, कागदात गुंडाळला आणि आपल्या पिशवीत टाकला. म्हणाली, आज संध्याकाळी डॉक्टरकडे. आणि उद्या गिऱ्हाइकांना तुमच्या तोंडानं सांगायचं. माझ्या तोंडावरचा फेस तोवर सुकून तडकायला लागला होता, त्याचं कुणालाच काही नव्हतं. मीच फडक्यानं पुसला.

दुकानाचं पुढं काय झालं ते आधी सांगून टाकतो. त्यानं दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला सांगितलं, हात थरथरतो, वस्तरा बंद, केस मशीननं कापीन. वस्तऱ्याचीच दाढी हवी असणारे पलीकडच्या रस्त्यावर गेले. काही राहिले. मशीनला बोलणं चालतं, म्हणून तो पुन्हा बोलायला लागला, आणि मग गेलेल्यांतले काही परत आले. गोष्टी ऐकायला दाढी वाढवायला लागत नाही. खिडकी थोरली सांभाळते, डबे बरे खपतात. बेकरीवाला मात्र अजून मला गाठून विचारतो, आता खरं काय ते सांगा, बाईच होती ना? मी लोकरीच्या मोज्यांचं सांगितलं तर म्हणाला, मोजे काय, काढता येतात. खरं कारण इतकं साधं निघालं, याचा त्याला राग आहे.

त्या संध्याकाळी डॉक्टरकडून परतताना ती दोघं पुढं चालली होती आणि मी मागं. डॉक्टर म्हणाला होता, काही हात असे असतात. जिवाला धोका नाही, बरा होईल असंही नाही. चहा सोडला ते उत्तम, जेवण सांभाळलं ते उत्तम, धारेपासून लांब राहा. थोरली रस्ताभर बोलली नाही. आता तिची पाळी असावी. कोपऱ्यावर आल्यावर थांबली आणि म्हणाली, "आणखी काही लपवलंय का? आत्ताच सांगा. नंतर कळलं तर आतली खोली झाडलेली आहे."

जावयानं मान खाली घातली. चपलेनं रस्त्यावरचा एक खडा बाजूला सारला. मग तो म्हणाला, "दुकानात पावडरच्या डब्यामागं बिस्किटांचा एक डबा आहे. साखरेची. रोज संध्याकाळी दोन खातो."

थोरली चालायला लागली.

"ते माहीत आहे," ती मागं न बघता म्हणाली. "तो डबा संपत का नाही, याचा तुम्हाला कधी संशय आला नाही का?"