चोर ओळखणारी गाडी

"आधी इचारायचं, मंग बसायचं," असं मेजर म्हणायचे. हे ते माणसांबद्दल नाही, गाड्यांबद्दल बोलत. कंपनीचा खडखडा टेम्पो असो की मालकांची मोटार, किल्ली मुठीत धरायची, मूठ कपाळाला लावायची, डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचं आणि मगच दार उघडायचं. एकदा मी विचारलं, काय म्हणता हो तिला? तर म्हणाले, "येऊ का, म्हन्तो. दुसऱ्याची वस्तू हाय."

आमच्या नगर जिल्ह्यात फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. तिथे तो भाज्या चिरत असला तरी गावात मेजर. आमचे मेजर फौजेत ट्रक चालवायचे. मूळचे पुणतांब्याचे, पण पेन्शन घेऊन भिंगारला राहिले आणि नागापूरच्या आमच्या कारखान्यात ड्रायव्हर म्हणून लागले. मी तिथे टाइम ऑफिसात कारकून होतो. येणारा-जाणारा प्रत्येक जण माझ्या खिडकीसमोरून जायचा, त्यामुळे माणसं न्याहाळायची खोड मला पगारासोबत फुकट मिळाली होती.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा मालकांनी नवी कोरी गाडी घेतली. ती पोचवायला पुण्याहून एक टायवाले गृहस्थ आले. किल्लीचं जाड काळं डोकं दाखवून त्यांनी सांगितलं की याच्या आत बारीकशी चिप आहे, गाडी ती ओळखते, चोराने कितीही किल्ली फिरवली तरी गाडी चालू होणार नाही. मेजरांनी विचारलं, समोरचा चोर आहे हे तिला कळतं कसं? गृहस्थांनी समजावलं. मेजरांनी पुन्हा तेच विचारलं. शेवटी गृहस्थांचा धीर सुटला. "कळतं हो काका तिला," एवढं म्हणून ते चहाकडे वळले.

खरं म्हणजे आम्हालाही ओ की ठो कळलं नव्हतं, पण आम्ही माना डोलावल्या. मेजर तेवढे बराच वेळ गाडीकडे बघत उभे राहिले.

पुढे खंडेनवमी आली. त्या दिवशी कारखान्यात यंत्रं, पाने, हातोड्या, गाड्या, सगळ्यांची पूजा व्हायची. मेजरांनी मालकांच्या खणात असलेली गाडीची दुसरी किल्लीही मागून घेतली. पूजेला जोडी लागते, एकटी किल्ली पुजत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. हळदकुंकू वाहून त्यांनी दोन्ही किल्ल्या लाल नाड्याच्या दोन टोकांना बांधल्या. नाडा चांगला वीतभर लांब होता. ही जोडी दिवाळीच्या पाडव्यापर्यंत सोडायची नाही, असा त्यांच्या घरचा नेम. मालक हसले आणि हो म्हणाले.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि दोन गोष्टी एकाच सकाळी झाल्या. स्टोअरमधले पितळी बुश, यंत्रात बसवायच्या त्या कड्या, मोजणीत कमी भरले. आणि मेजरांनी किल्ली फिरवली तर इंजिन एकदा खाकरलं आणि गप्प झालं. समोर एक लाल दिवा लुकलुकत राहिला. मेजरांनी पुन्हा मूठ कपाळाला लावली, पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. मग आमच्या फिटरने बसून किल्ली लावली, तर गाडी लगेच सुरू. मालकांनी लावली, सुरू. मेजर बसले की बंद.

पहिल्या दिवशी सगळे हसले. "मेजर, काय लांबवलंत खरं सांगा," असं फिटर म्हणाला, आणि मेजरही हसले. दुसऱ्या दिवशी स्टोअरकीपर हसला नाही. त्यानंतर फाटकावरचा वॉचमन संध्याकाळी मेजरांची डब्याची पिशवी चाचपू लागला. इतकी वर्षं त्या पिशवीला कोणी हात लावला नव्हता. आम्ही सगळे शिकलेसवरलेले, यंत्राला चोर-साव काय कळणार हे आम्हाला समजत होतं. तरी मेजर गाडीत बसले की शेडमधली माणसं काम थांबवून बघायची. मीही खिडकीतून बघायचो.

सगळ्यात गोंधळ मेजरांचाच उडाला होता. बुश त्यांनी घेतले नव्हते हे त्यांना पक्कं माहीत होतं. मग गाडी आपल्यात काय बघते, हे त्यांना कळेना. एके दुपारी ते माझ्या खिडकीशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "फौजेतनं येताना एक कांबळं आन्लंय. थोरलीच्या जल्माच्या येळंला. जमा करायचं हुतं, केलं न्हाई. तेच तर नसंल?" मी म्हटलं, अहो, एवढं जुनं कांबळं गाडीला कसं दिसणार? ते म्हणाले, "तिला काय दिसतं ते तुमाला तरी कुटं ठावं हाय?"



दुसऱ्या दिवशी मेजर कांबळं धुऊन, घडी घालून भिंगारच्या फौजेच्या फाटकावर घेऊन गेले. पहाऱ्यावरच्या जवानाला काही उलगडेना. त्याने त्यांना बाकावर बसवलं, चहा पाजला, आणि कांबळं पुन्हा त्यांच्या काखोटीला देऊन घरी पाठवलं. बायको म्हणाली, एका मोटारीपायी घरातलं पांघरूण वाटायला निघालात, आता मलाही कुठे नेऊन देता का. हे सांगताना ते हसले खरे, पण त्यांचे डोळे पार खोल गेले होते. मला त्यांची फार दया आली.

त्याच दुपारी ते मालकांच्या केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं. "मालक, म्या कशाला हात लावल्याला न्हाई," एवढंच ते म्हणाले. मालक वाईट माणूस नव्हते, पण ऑर्डरचा माल अडकल्यामुळे वैतागलेले होते. वर न बघता ते म्हणाले, "बघू." मेजर बाहेर आले.

अखेर पुण्याहून मेकॅनिक बोलावला. सगळा कारखाना अंगणात जमला. मेकॅनिकने मेजरांना सांगितलं, रोज लावता तशीच लावा. मेजरांनी दोन्ही किल्ल्या मुठीत घेतल्या, मूठ कपाळाला लावली आणि तशाच दोन्ही एकत्र धरून एक किल्ली खाचेत घातली. इंजिन खाकरलं आणि गप्प झालं. मेकॅनिकने त्यांची बोटं उघडली, दुसरी किल्ली नाड्यावर खाली सोडली आणि म्हणाला, आता फिरवा. गाडी सुरू झाली.

मग त्याने सांगितलं. दोन्ही किल्ल्यांत चिपा आहेत. जवळजवळ धरल्या की दोन्ही एकाच वेळी आपली ओळख सांगतात. दोघं एकदम बोलले तर गाडी कोणाचं ऐकणार? बाकीचे किल्ली लावायचे तेव्हा दुसरी किल्ली लोंबत लांब राहायची. मेजर पुजलेली जोडी लोंबू द्यायचे नाहीत, म्हणून गाडी त्यांच्यापाशीच अडायची. एवढंच.

आम्ही सगळे मोठ्याने हसलो. फिटरने मेजरांच्या पाठीवर थाप मारली. मालकही पुढे झाले. चला मेजर, म्हणाले, मिटलं एकदाचं.

मेजर हसले नाहीत. ते गाडीतून उतरले, दार हळूच लावलं आणि मालकांसमोर उभे राहिले.

"गाडीचं कळलं, मालक. तिच्याशी दोगं एकदम बोलत हुते. तुमच्याशी तर मी एकलाच बोललो हुतो."

मेजरांनी पिशवी उचलली, फाटकाशी ती स्वतःच उघडून वॉचमनपुढे धरली आणि निघून गेले. पुढे पगार न्यायला त्यांचा जावई आला. मेजर मला पुन्हा दिसले नाहीत.

त्या दिवशी अंगणात आम्ही कितीतरी वेळ तसेच उभे होतो. गाडी चालूच होती. ती बंद करायला कोणी पुढे होईना.