हरणीचा तोबरा

सोलापूर स्टेशनाबाहेरच्या टांग्यांच्या अड्ड्यावर भांडणांना कधी तोटा नव्हता. घोडे गरीब होते, माणसं नव्हती. कुणाचं चाक कुणाला घासलं, कुणी कुणाचं गिऱ्हाईक पळवलं, एवढं निमित्त पुरे व्हायचं. पण तिथलं एकही भांडण पोलीस चौकीपर्यंत गेलं नव्हतं. ही करामत इलाहीबक्षची.

इलाहीबक्ष काही पुढारी नव्हता. काटकुळं अंग, पानानं रंगलेले दात, एका कानानं जरा कमीच ऐकू यायचं, आणि तो कान तो सोयीनं पुढं करायचा. विजापूर वेशीजवळच्या एका खोलीत तो आणि त्याची बायको जमीला राहायची. मूलबाळ नव्हतं. तरुणपणी सख्ख्या भावाशी त्याचं कशावरून तरी वाजलं. दोघांनी अबोला धरला, आणि त्या अबोल्यातच भाऊ वारला. त्यानंतर त्याला कुणाचंही भांडण बघवत नसे.

मग त्यानं अड्ड्यावर दोन रीती पाडल्या. भांडणाऱ्यांनी कडुलिंबाखाली सगळ्यांसमोर बसायचं आणि फक्त आपापली चूक सांगायची. दुसऱ्याची चूक तोंडातून निघाली की बैठक तिथंच उठायची. दुसरी रीत अशी, की दुसऱ्या दिवशी दोघांनी एकमेकांच्या घोड्याच्या तोंडाला दाण्याची पिशवी, म्हणजे तोबरा बांधायचा, आणि त्यात दाणा आपल्या घरचा घालायचा. आपल्या हातचं खाल्लेल्या जनावराच्या मालकाला शिवी देताना जीभ अडखळते, असं इलाहीबक्ष म्हणायचा. लोक आधी हसले. पण लिंगायत, मुसलमान, धनगर, सगळ्यांनी एकमेकांच्या घोड्यांना तोबरे बांधले, आणि हळूहळू ती अड्ड्याची रीतच झाली. आमच्या शहरात यापेक्षा शहाणी कोर्टं फारशी नव्हती, असं माझं आपलं मत आहे.

पुढं बहात्तरचा दुष्काळ आला. कडब्याला सोन्याचा भाव आला, गिऱ्हाईक पायी चालू लागलं. त्याच दिवसांत करमाळ्याकडची मेंढरं मातीमोलानं विकून बिरप्पा नावाचा एक धनगर एका तांबड्या घोडीनिशी अड्ड्यावर आला. घोडीचं नाव हरणी. बोलायला गोड, पण पोटातली गोष्ट ओठावर येऊ न देणारा हा माणूस. इलाहीबक्षनं त्याला टांग्यांच्या रांगेत नंबर मिळवून दिला आणि पहिल्याच दिवशी विचारलं, "घोडीला दाणा देतोस का रे?"

"देतो की चाचा. रोज हरभरा. मी उपाशी ऱ्हाईन, ती न्हाय."

हे विचारण्याला कारण होतं. घोड्याला उपाशी ठेवून टांग्याला जुंपणाऱ्याला अड्ड्यावर कुणी चहाही विचारत नसे. चोर परवडला, पण तसला माणूस नको, असं तिथं मानत. घोडे तर त्या साली सगळ्यांचेच वाळले होते, त्यामुळं हरणीच्या बरगड्यांकडं कुणी निराळं लक्ष दिलं नाही.

एका सकाळी मद्रासची मेल आली. नंबर इलाहीबक्षचा होता. ट्रंक घेतलेलं एक नवंनवं जोडपं बाहेर आलं आणि बिरप्पानं मधेच धावत जाऊन ट्रंक आपल्या टांग्यात टाकली. इलाहीबक्षचं डोकं कसं फिरलं कुणास ठाऊक. आयुष्यभर दुसऱ्यांची भांडणं मिटवणाऱ्या त्या माणसानं सगळ्यांदेखत बिरप्पाच्या थोबाडीत दिली. मारल्या हाताकडं बघत तोच सगळ्यांच्या आधी लिंबाखाली जाऊन बसला.

"मी हात उगारला. चूक माझी," तो म्हणाला.

"मी नंबर तोडला. चूक माजी," बिरप्पा म्हणाला. झालं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी इलाहीबक्ष तोबरा घेऊन आला. मनात शरम होती, आणि शरमेपोटी हात सैल झाला. जमीलानं जपून ठेवलेला हरभरा त्यानं भिजवून काठोकाठ भरून आणला. हरणीनं तोबऱ्यात तोंड घातलं ते काढेचना. बिरप्पा शेजारी उभा होता. त्यानं एकदा तोंड उघडलं, काही बोलणार असं वाटलं, पण इतक्यात रुद्रप्पा हा लिंगायत टांगेवाला आणि बाकीचे कौतुकानं जवळ आले आणि त्यानं तोंड मिटलं. घोडीनं दाणा फस्त केला, वर ती बादलीभर पाणी प्याली.

दुपारी ती जमिनीवर लोळायला लागली. पोट नगाऱ्यासारखं ताठलं. इलाहीबक्षनं तिला उठवून चालवायचा प्रयत्न केला, पोट चोळलं, तेल पाजलं. तिच्या अंगावर हात फिरवता फिरवता त्याच्या बोटांना सगळं कळलं. कातड्याखाली मांस असं नव्हतंच. लीद पडली ती निव्वळ चिपाडाची. या घोडीनं कित्येक दिवसांत दाण्याचं तोंड पाहिलेलं नव्हतं. अशा रिकाम्या पोटावर एवढा हरभरा म्हणजे मरणच, हे कुठल्याही टांगेवाल्याला कळतं. त्यानं मान वर करून बिरप्पाकडं पाहिलं. बिरप्पानं नजर खाली घातली. दिवस मावळायच्या आत हरणी गेली.

रुद्रप्पा उघडच बोलला, "थोबाडीत मारून राग भागला न्हाय म्हाताऱ्याचा. दाण्यातनं काय घातलं देव जाणे. त्यांचा भरवसा धरायचा तरी कसा?"

'त्यांचा' हा शब्द त्या अड्ड्यावर पहिल्यांदा उच्चारला गेला. चार माना डोलल्या. पलीकडं चार मुठी आवळल्या गेल्या.

पुन्हा लिंबाखाली बैठक बसली. आता पणाला इलाहीबक्षची अब्रू होती, आणि तिच्या आधारावर उभा असलेला सगळा अड्डा. तो म्हणाला, "दाणा जास्त झाला. माझ्या हातून झालं. चूक माझी." आणि बिरप्पाकडं बघत राहिला. एवढ्या आशेनं त्यानं कुणाकडं पाहिलं नसेल.

"मी... नंबर तोडला हुता. ती माजी चूक," एवढंच बिरप्पा म्हणाला.

इलाहीबक्ष बोलला असता तर एका वाक्यात सुटला असता. पण दुसऱ्याची चूक सांगायची नाही, ही रीत त्यानंच पाडलेली. तो उठला, आपला घोडा सोडला आणि लगाम बिरप्पाच्या हातात दिला. "याला सांभाळ," एवढंच म्हणाला आणि पायी घरी गेला. पुढं तो एका लाकडाच्या वखारीत राखणीला बसू लागला.

त्या दिवसापासून कुणी कुणाच्या घोड्याला तोबरा बांधू देईना. भांडण झालं की चाबूक निघू लागले. वर्षभरात एकाचं डोकं फुटलं आणि प्रकरण चौकीत गेलं. टांगे रस्त्याच्या दोन बाजूंना उभे राहू लागले, एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते.

मग एका संध्याकाळी बिरप्पा वखारीत आला. जमीला नवऱ्याचा डबा घेऊन आलेली, तीही तिथंच होती. तो खाली बसला आणि ढसाढसा रडला.

"चाचा, आज समद्यांम्होरं सांगितलं. हरणीला मीच उपाशी ठिवलं हुतं म्हून सांगितलं. कुणी ऐकंना. रुद्रप्पा म्हनला, फुकटात घोडा मिळालाय, म्हातारा शिकवील तेच बोलनार की ह्यो. तुमच्याकडची मानसंबी हसली."

इलाहीबक्षचा वर्षभर गिळलेला राग बाहेर आला. "तोबरा बांधताना एक शब्द बोलला असतास रे. तिच्या पोटात दाणा नाही, एवढाच. घोडी तरी वाचली असती."

"व्हय चाचा," बिरप्पा म्हणाला.

जमीला डबा उघडत होती, ती थांबली. "उने नै बोल्या, डर गया. तुम तो जानते थे. तुम कायको नै बोले?"

रीत मोडायची नाही म्हणून आपण गप्प बसलो, असं इलाहीबक्ष वर्षभर स्वतःला सांगत आला होता. पण रीत पाळणारा भला माणूस म्हणवून घ्यायचीही त्यात हौस होती. ती आत्ता, बायकोसमोर, त्याला दिसली आणि फार लागली. ज्या माणसांसाठी रीत केली, ती माणसंच फुटताना त्यानं बघितलं होतं.

तो उठला. "चल अड्ड्यावर. मी सांगतो."

बिरप्पानं त्याला त्याच्याच घोड्याच्या टांग्यातून स्टेशनावर नेलं. लिंबाखाली उभं राहून इलाहीबक्षनं हाक मारली, "या रे, बसा. मला माझी चूक सांगायची आहे." इकडच्या दोघांनी मान वळवून पाहिलं, तिकडच्या कुणी तेवढंही केलं नाही. त्यानं पुन्हा हाक मारली.

तेवढ्यात गाडीची शिट्टी झाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे टांगेवाले एकदम फाटकाकडं धावले. नंबर नव्हता, रांग नव्हती. ढकलाढकली, शिव्या, गिऱ्हाइकाच्या हातातलं बोचकं दोघंजण ओढताहेत. म्हातारा बघत उभा राहिला. बिरप्पा लगाम धरून त्याच्याजवळच होता, पण त्याचेही डोळे फाटकाकडं जात होते. आज त्याला एकही गिऱ्हाईक मिळालेलं नव्हतं.

इलाहीबक्षनं ते ओळखलं. त्यानं घोड्याच्या मानेवर हात ठेवला, बरगड्या चाचपल्या.

"जा बिरप्पा," तो म्हणाला. "तूही जा. घूस त्यांच्यात. नाहीतर हा उपाशी राहील."

आणि बिरप्पा धावला.