धडधडीची गोळी

आमच्या आईला औषध एकटीनं खाता यायचं नाही. एखाद्या गोळीनं गुण आला, की ती गल्लीत आणखी कोणाला हवी का ते आधी बघायची. लोणचं घातलं की वाटीभर शेजारी जातं, तशी तिची गोळी जायची. "मले आराम पडला, तुले बी पडन," एवढंच तिचं वैद्यकशास्त्र. मी चिडायचे, ती हसायची. म्हणायची, "अकोल्यात राहून तू लय कंजूस झाली."

वलगावात आमच्या घराला लागूनच चाचा-चाचींचं घर होतं. चाचा कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचे, चाची त्या शिवायची. माझ्या लग्नातली गादी त्यांच्याच हातची. जन्मभर उडत्या कापसात बसून चाचीला दमा जडला होता. दम्याची गोळी घेतली की तिचा श्वास मोकळा व्हायचा, पण हात थरथरायचे आणि छाती धडधडायची. त्या हातांनी सुईत दोरा ओवता येईना, की ती आईला हाक मारायची.

वर्षं वाईट होती. कपाशीला भाव नव्हता. आज या गावात, उद्या त्या गावात, कोणाच्या तरी दारात माणसं जमलेली असायची आणि कोणी विचारायचंही नाही काय झालं म्हणून. लग्नं पुढे ढकलली जायची, त्यामुळे चाचांकडेही नव्या गादीला कोणी येईना. बाबांना वावरातून यायला जरा उशीर झाला की आई दारात उभी. तसं बाबांच्या डोक्यात काही वेडंवाकडं नव्हतं, पण भीतीला ते कोण सांगणार? गल्लीतल्या सगळ्याच बायकांच्या तोंडी एक शब्द होता, धडधड. आईची फार वाढली तेव्हा अमरावतीच्या डॉक्टरांनी तिला गोळी सुरू केली. धडधड बसली. आईला स्वर्ग दोन बोटं उरला.

त्या हिवाळ्यात चाची दम लागून गेली. थंडी, वर कापूस; जो तो म्हणाला, दमा होताच, कधीतरी नेणारच होता. मी अकोल्याहून मयतीला गेले. आई माझ्या गळ्यात पडून रडली, आणि नंतर कितीतरी दिवस ती नीट जेवली नाही.

उन्हाळ्यात आईची नाडी वेडीवाकडी पडू लागली, म्हणून मी तिला अकोल्याला आणलं. इथल्या डॉक्टरांनी आलेख काढला. हृदयाचे वरचे कप्पे धड आकुंचन न पावता नुसते थरथरत होते. मला अर्धवट कळलेलं सहन होत नाही. विचारलं, "ही गोळी नेमकं करते काय?" बाहेर रांग होती, पण माणूस हौशी निघाला.

त्यांनी सांगितलं ते असं. हृदयाचा ठोका म्हणजे विजेची बारीक लाट. पेशीला क्षारांची दारं असतात. सोडियम आत शिरलं की लाट उठते, पोटॅशियम बाहेर पडलं की पेशी शांत होते आणि पुढच्या ठोक्याला तयार होते. ठोका ताळ्यावर आणणाऱ्या औषधांचे चार प्रकार. पहिल्या प्रकारची औषधं सोडियमचं दार अडवतात, म्हणजे लाट हळू पसरते आणि भलतीकडे उठलेली लाट विरून जाते. तिसऱ्या प्रकारची पोटॅशियमला बाहेर पडू देत नाहीत लवकर. पेशी पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो, त्यामुळे अवेळी आलेल्या लाटेला ती दादच देत नाही. चौथ्या प्रकारची कॅल्शियमचं दार धरतात. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये एक नाकं असतं, तिथून लाटा सावकाश सोडतात. वरचा गोंधळ मग सगळाच्या सगळा खाली उतरत नाही.

"आणि दुसरा प्रकार?" मी म्हटलं.

"तो तुमच्या आईंचा. माणूस घाबरला की शरीर हृदयाला हाका मारतं, पळ, पळ. ही गोळी हृदयाच्या कानात कापसाचे बोळे घालते. हाक येते, पण ऐकू जात नाही."

आई खुदकन हसली. तिला ते पटलं होतं. डॉक्टर म्हणाले, हीच गोळी थोडी वाढवू, आणि लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, "दमा नाही ना तुम्हाला?"

"मले नाही," आई म्हणाली. मग थोड्या वेळानं, "दमावाल्यानं खाल्ली तं?"

"खायची नाही. असेच कान श्वासाच्या नळ्यांनाही असतात. त्यांना हाक ऐकू आली की त्या मोकळ्या होतात. दम्याची गोळी तीच हाक मारते, म्हणून तर तिनं छातीही धडधडते. यांच्या गोळीनं धडधड थांबेल, पण नळ्या आवळतील. एखाद्याचा जीवही जाईल."

आईनं पदर तोंडाला लावला. न विचारताच मला सगळं कळलं. तरी रिक्षात मी विचारलं, चाचीला दिल्या होत्यास? ती म्हणाली, "पाकिटातून कातरून देल्ल्या होत्या. तिची धडधड मले पाहावत नव्हती." मी दुसऱ्या दिवशी पुन्हा एकटी डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, त्याच गोळीनं गेल्या असं ठामपणे सांगता येत नाही, आजारही जुना होता. मी ते घरी येऊन आईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि वलगावला जायचा हट्ट धरला.

फोनवर रोज विचारायचे, गोळी घेतली का? "घेतली ना." आईला खोटं बोलता येत नाही अशी माझी समजूत होती. एक दिवस बाबांचा फोन आला, आई मोरीजवळ कोसळली. अमरावतीला दवाखान्यात कळलं, तिनं गोळ्या कधीच्या सोडल्या होत्या. बोळे घातलेलं हृदय जास्तच कान टवकारून बसतं. बोळे एकदम काढले की साधी हाकही त्याला आरोळीसारखी ऐकू येते. वाचली, पण पुन्हा असं केलं तर वाचेलच असं नाही, हे तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं. घरी आणल्यावरही ती गोळीसाठी तोंड उघडेना. बाबांनी हात जोडले. मी रागावले, रडले, वाट्टेल ते बोलले. तिचं एकच म्हणणं, "तिले मारलं त्याच गोळीनं मी जगू?"

आजारी माणसाला बघायला म्हणून चाचा आले तेव्हा संध्याकाळ होत होती. बाजेजवळच्या खुर्चीवर बसले. मी आईला डोळ्यांनी खुणावलं, बोलू नको. चाची गेल्यापासून त्या माणसाच्या अंगावर मांस उरलं नव्हतं. त्यात हे कशाला? पण आईनं कधी ऐकलंय माझं. उठून बसली आणि सगळं सांगून टाकलं. कोणती गोळी, कशी देल्ली, डॉक्टर काय बोलले, आपण ती का सोडली. "भाई, तुमच्या घरवालीले म्या मारलं," म्हणाली.

चाचांनी खुर्ची मागे सरकवली. मला वाटलं, उठून जातील. गेले असते तरी मी त्यांना दोष दिला नसता.

"भाभी, थे गोळी तिनं एकडाव खाल्ली, तं धडधड बसली," ते म्हणाले. "मंग दम लागला. तिले वाटलं दम्यानंच लागून राहिला. म्हने दम्याच्या गोळीनं पुन्हा धडधडन, मले थेच अजून एक दे. हात कापत होते तिचे. म्या तिच्या जिभेवर ठेवली. पानी म्याच पाजलं."



"तुमी गोळ्या बंद केल्या," चाचा म्हणाले. "म्या काय बंद करू, सांगा?"

आईचा हात माझ्याकडे आला. मी पाकिटातून गोळी काढून तळव्यावर ठेवली. पाण्याचा तांब्या चाचांच्या पायाशीच होता. त्यांनी त्याला हात लावला नाही. मीच वाकून उचलला.