हौद्यातली माती

त्या दिवशी पलटणीच्या संघाने आमच्यावर एक गोल केला. संध्याकाळी मी तालमीच्या हौद्यातली, कुस्तीच्या आखाड्यातली माती हातात घेऊन शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी दस्तगीर गाव सोडून गेला.

यातलं काहीच लपलेलं नाही. पेठेतल्या कुणाही म्हाताऱ्याला विचारा, ही तीन वाक्यं तो तुम्हाला सांगेल. मी कधीच कुणाला सांगितलं नाही ते या वाक्यांच्या मधलं. बायकोला नाही. आई जायच्या आधी चार दिवस तिच्या उशाशी बसून होतो, तेव्हाही नाही. आता दस्तगीरच उरला नाही, तेव्हा लिहायला बसलो आहे. हे धैर्य नव्हे, एवढं मला कळतं.

कुठून सुरुवात करू? चेंडूपासूनच करतो.

आमच्या महाराजांच्या राज्यात पेठेपेठेत तालमी होत्या, आणि तालमीत जायचं ते कुस्तीसाठी. फुटबॉल हायस्कुलातून आला. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होतो. आम्ही वर्गातल्या तिघांनी मिळून चामड्याचा एक चेंडू तालमीत नेला. वस्तादांनी तो दोन्ही हातांनी दाबून पाहिला आणि विचारलं, "ह्याला चीत कसं करायचं?" सगळे हसले. पण वर्षभरात त्याच पोरांचा संघ उभा राहिला. खेळायचो अनवाणी. मी उंच होतो आणि मला पळता येत नव्हतं, म्हणून मला गोलात उभं केलं. पुस्तकं वाचतो म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. पुढे मी खरोखरच मास्तर झालो.

दस्तगीर शाळेत नव्हता. त्यांच्या घरी धार लावायचं काम — चाकू, कात्र्या, अडकित्ते, विळ्या. बाप गेल्यावर दुसरीतूनच शाळा सुटली आणि तो चाकावर बसला. संघात तो बॅक खेळायचा, माझ्या पुढे. मी नंतर पुष्कळ बॅक पाहिले. अंगावर धावून जाणारे, आडवे पडणारे. दस्तगीर तसा खेळत नसे. तो समोरच्याच्या बरोबरीने पळे आणि त्याला हळूहळू कडेला नेई, जसा एखादा पाहुण्याला बोलत बोलत दारापर्यंत पोचवतो. आमचं दोघांचं ठरलेलं होतं. उजवी बाजू तो बंद करणार. समोरच्याला डावीकडूनच मारावं लागेल, आणि डावा खांब माझा. त्याने माणूस सोडला असं लांबून वाटे, पण तो सोडलेला नसे. माझ्याकडे पाठवलेला असे.

मला बुटांची भीती वाटते हे त्याला ठाऊक होतं. आम्ही अनवाणी, आणि छावणीतल्या पलटणीचे शिपाई खिळ्यांचे बूट घालून खेळत. एकदा तो माझा पेन्सिलीचा चाकू धारेला लावत होता. चाकावरून नजर न काढता म्हणाला, "मास्तर, पात्याला भ्यालं की बोट जातं. धरायचं तर नीट धरायचं." मी हसलो. धरेन म्हणालो.

आता त्या दिवसाकडे यायला हवं. मी उगाच रेंगाळतो आहे.

मानाच्या ढालीसाठी दर साली स्पर्धा होई, तिचा शेवटचा सामना होता. आणखी एक गोष्ट त्या सामन्यावर अवलंबून होती. हायस्कुलात खेळ शिकवायला ड्रिलमास्तर हवा होता, आणि आमच्या वस्तादांनी दस्तगीरचं नाव सुचवलं होतं. दोन इयत्ता शिकलेल्या माणसाला शाळेत नोकरी! त्याच्या आईने मारुतीपुढे नारळ फोडला आणि दर्ग्यावर चादर कबूल केली. आमच्या तालमीत यात कुणाला नवल वाटत नसे. मारुतीला तेल घालणारे हातच मोहरमात पंजा उचलत.

सामना संपत आला तरी गोल नव्हता. मग पलटणीचा एक शिपाई चेंडू घेऊन निघाला. हा दस्तगीरचा सख्खा मावसभाऊ. दस्तगीरने त्याला ठरल्याप्रमाणे डावीकडे नेलं. चेंडू आला — मी अगदी स्पष्ट पाहिला — सावकाश, जमिनीलगत, खालच्या दगडांवर उड्या घेत. लहान पोरानेही धरला असता. पण चेंडूच्या मागे तो बूट येत होता. मी हात पुढे नेले आणि मागे घेतले. तोंडही फिरवलं, डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा चेंडू माझ्या मागे होता.

धूळ फार होती, ऊन समोरून होतं. कुणाला काही दिसलं नाही. लोकांना दिसलं ते एवढंच — दस्तगीरने मावसभावाला सोडलं. मी लगेच उजव्या हाताच्या बोटांना फडकं गुंडाळलं. बोटांना काहीही झालेलं नव्हतं.

मग तालीम. हौद्याच्या कडेने सगळे बसलेले. दस्तगीर माझ्या समोर, गुडघ्यांना हातांची मिठी घालून. मागून कुणीतरी पुटपुटलं, शेवटी त्यांच्यातलाच तो. 'त्यांच्यातला' हा शब्द त्या तालमीत मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकला. वस्तादांनी तो ऐकला आणि ते म्हणाले, ज्यांनी जवळून बघितलं त्यांनी माती उचलून सांगावं.

तुम्ही आमच्याकडचे नसाल तर इथे थांबून सांगायला हवं. आमच्या तालमीत वाद पडला की हौद्यातली मूठभर माती उचलून खरं सांगायचं, असा रिवाज. आणि एकाने माती उचलल्यावर दुसऱ्याने उलट शपथ घेतली, तर एक कुणीतरी खोटा, म्हणून माती बाटली. मग सगळा हौदा उपसायचा, गाडीने माती नदीला टाकायची, नवी आणायची, चाळायची, तिच्यात तेल-ताक-हळद मुरवायची. सहा महिने तालीम बंद. आमच्या वस्तादांच्या गुरूंनी घातलेली ती माती होती. म्हणून दुसरा सहसा माती उचलत नसे. जो आधी उचलेल त्याचं खरं.

हे मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं.

वस्तादांनी आधी मला बोलावलं. कदाचित मी शिकलेला म्हणून. मी उतरलो, डाव्या हाताने माती घेतली, कारण उजव्याला फडकं होतं, आणि म्हणालो, "त्यानं अंग काढून घेतलं."

नीट पाहा, मी काय केलं ते. मी गप्प बसू शकलो असतो. दिसलं नाही म्हणू शकलो असतो, तेवढ्यानेही माझं भागलं असतं. पण मी माझंच पाप उचललं आणि जसंच्या तसं त्याच्या अंगावर घातलं. अंग मी काढून घेतलं होतं. तो वाक्प्रचार माझ्या जिभेवर तयार होता, कारण मी तो दुपारपासून स्वतःशी म्हणत होतो.

वस्तादांनी दस्तगीरकडे पाहिलं. तो उठला, हौद्यात उतरला, वाकला. मला वाटलं, उचलतो. त्याने मातीवर नुसता तळहात टेकला, तो कपाळाला लावला आणि सरळ झाला.

"मी न्हाय उचलत वस्ताद," तो म्हणाला. "पोरं सा म्हैनं काय करतील?"

त्याने नाकारलं नाही म्हणजे कबूल केलं, असा अर्थ झाला. तसाच होणार होता.

ड्रिलमास्तरची जागा दुसऱ्या पेठेतल्या एकाला मिळाली. दस्तगीर आईला घेऊन गडहिंग्लजला बहिणीकडे गेला. तिथल्या बाजारात त्याने चाक मांडलं.

पुढची हकिकत मला ऐकून ऐकून कळली. मी कधी मुद्दाम विचारत नसे, पण कुणी गडहिंग्लजचं नाव काढलं की माझे कान तिकडे जात. बाजार उठल्यावर तो खळ्यावर पोरं जमवतो. चिंध्यांचा चेंडू करून शिकवतो. मग खरा चेंडू आला. आठवड्याच्या बाजारांना तो चाक घेऊन हिंडे, आणि ज्या गावी बाजार तिथे त्याचा एक संघ, असं झालं. स्वतः तो पुन्हा कधी खेळला नाही. लोक त्याला वस्ताद म्हणू लागले. ते ऐकून मला बरं वाटलं. का बरं वाटलं असेल? माझं ओझं त्याच्या नावाने उतरेल असं वाटलं असेल.

बऱ्याच वर्षांनी त्याचा संघ त्याच ढालीसाठी आला. बैलगाडीने दोन दिवसांची वाट. मी तोवर हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवत होतो. मैदानाच्या कडेला, गर्दीच्या मागे उभा राहिलो. दस्तगीर रेषेबाहेर उकिडवा बसला होता. दाढी अर्धी पिकलेली. सामनाभर तो एकदाही ओरडला नाही.

त्यांच्या गोलकीपरच्या हातून चेंडू सुटला. साधा चेंडू, साफ त्याची चूक. तेवढ्यात त्यांचे दोन्ही बॅक वळले, दोघांनी हात वर केले आणि मोठ्याने म्हणाले, "माझी चूक." गर्दीत हशा पिकला. माझ्या शेजारी गडहिंग्लजचा एक शेतकरी उभा होता. त्याला मी विचारलं, हे काय?

"आमच्या वस्तादाचा नियम हाय, पावणं," तो म्हणाला. "गोल झाला की बॅकनं हात वर करायचा. कीपरकडं कुणी बघायचं न्हाय. भ्यालेला माणूस एकटा पडला की खोटं बोलतोय, म्हणतोय वस्ताद."

मी पुन्हा त्या कीपरकडे पाहिलं.

ते एका गोलाने हरले. सगळे त्या कीपरला मधे घेऊन बाहेर आले. गर्दी ओसरली तेव्हा दस्तगीरने मला पाहिलं. तोच चालत आला. माझ्याकडे एक वाक्य तयार होतं. किती वर्षांपासून तयार होतं. त्याने माझा उजवा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, एकेक बोट धारेचं पातं बघावं तसं बघितलं.

"बोटं चांगली हायत की, मास्तर," तो म्हणाला.

त्यात टोमणा नव्हता. असता तर मी बोललो असतो असं वाटतं — पण हेही मी स्वतःला सोडवण्यासाठीच म्हणत असेन. मी एवढंच म्हणालो, की होय, बरी आहेत. मग त्याने आमच्या वस्तादांची चौकशी केली. ते दोन वर्षांमागे गेल्याचं मी सांगितलं. हौदा कसा आहे, त्याने विचारलं. आहे तसाच आहे, मी म्हणालो. त्याने मान हलवली, हात सोडला आणि गाडी जुंपायला गेला. तो गाडीपर्यंत जाईतो वेळ होता. पन्नास-साठ पावलांचं अंतर होतं. मी जागचा हललो नाही.

मानमोडीची, त्या जीवघेण्या तापाची साथ आली त्या साली शाळा बंद होत्या. उघडल्यावर गडहिंग्लजकडच्या एका विद्यार्थ्याने सांगितलं, आमचे फुटबॉलचे वस्ताद गेले. पोरांच्या घरोघर पाणी द्यायला जात होते, तिथेच लागण झाली. त्या दिवशी वर्गात मी काय शिकवलं ते मला आठवत नाही. तालमीत फारसं कुणी त्याचं नाव काढलं नाही. जुन्यांपैकी एकजण म्हणाला, खेळ चांगला होता, पण नियत फिरली. मी तिथेच होतो. मी ऐकलं. आणि तेव्हाही मी काही बोललो नाही. तो मेला होता, वस्ताद मेले होते, मला कुणाचं भय नव्हतं, तरीही.

तालीम माझ्या शाळेच्या वाटेवर आहे. दर वर्षी हौद्यात तेल पडतं, ताक पडतं, हळद पडते. पोरं उतरताना चिमूटभर माती कपाळाला लावतात. मी दाराशी चपला काढून उभा राहतो आणि परत फिरतो.

माती तीच आहे. ती कुणी बदललेली नाही.