परसातले रहमतमियाँ

रहमतमियाँ कामावर आले त्या पहिल्या दिवशी त्यांनी कुदळ उचललीच नाही. मला घरातून खुर्ची आणायला लावली, क्वार्टरमागच्या उजाड जागेत मधोमध ठेवली आणि म्हणाले, "बैठिए बाबूसाब. आठ दिन बैठिए. बाग बैठ के बनता है."

मी माझा आराखडा पुढे केला. कचेरीतल्या झाडून साऱ्यांचा सल्ला घेऊन तो काढला होता. त्यात संत्र्यांची रांग, कमळांचा हौद, कमान आणि वेलींचा मांडव होता. जागा तीस पावलं लांब, वीस रुंद. रहमतमियाँनी कागद उलटसुलट करून पाहिला. "खूब है," ते म्हणाले. "बस, जमीन थोड़ी कम पड़ेगी. तालाब तक ले लें?"

राज्यपुनर्रचना झाली, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर मीही. नागपुरात दोन खोल्यांत कुंडीसुद्धा मावत नव्हती. इथे एकदम परस मिळालं, म्हणून मी चेकाळलो होतो. एका जुन्या कोठीच्या बागेत रहमतमियाँची उमर गेली होती. कोठीला कुलूप लागलं तरी मागच्या खोलीत ते एकटेच राहत. त्यांचं नाव मला कचेरीतल्या सक्सेनांनी सुचवलं. सक्सेना इथलेच, उर्दू शिकलेले.

तर मी बसलो. रोज सकाळ-संध्याकाळ, रिकाम्या जमिनीकडे बघत. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, मांडीवर निदान एखादी फाईल घ्या. यांना निलंबित केलंय का, म्हणून शेजारच्या बाई विचारत होत्या."

आठव्या दिवशी परीक्षा झाली. चार वाजता ऊन कुठे असतं? धुण्याचं पाणी कुठून वाहतं? शेळ्या कुठून घुसतात? बायको तांदूळ निवडायला कुठे बसते? शेवटचं मला आलं नाही. "तो फिर आठ दिन किस को देख रहे थे?" रहमतमियाँ म्हणाले. पण बाग त्या उत्तरांतूनच झाली. पाणी वाहत होतं तिथे केळी आल्या, शेळ्यांच्या वाटेवर करवंदाचं कुंपण आलं, आणि बायको बसायची तिथे मधुमालती चढली. रोप लावण्याआधी ते एकच विचारायचे, "इसे देखेगा कौन?" कोणी बघणार नसेल तर रोप परत.

आता माझा पराक्रम. आमची हिंदी टांगेवाल्याशी हुज्जत घालण्यापुरती. मी बैलगाडीभर शेणखत मागवलं होतं. ते आलं तेव्हा रहमतमियाँ रस्त्यापलीकडच्या नळावर हातपाय धूत होते. मी फाटकातूनच ओरडलो, "मियाँ! खत आ गया! आपका खत आ गया!"

म्हातारा धावत आला. अनवाणी, धापा टाकत. ओले हात कुर्त्याला पुसले आणि दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. "कहाँ है? लाइए."

मी ऐटीत ढिगाकडे बोट दाखवलं. "ये क्या! पूरी गाड़ी भर के!"

ते ढिगाकडे बघत राहिले. मग तळवे हळूच खाली गेले. "माशाल्लाह," ते म्हणाले, "अच्छा सड़ा हुआ है. हम लोग इसे खाद कहते हैं, बाबूसाब. खत तो चिट्ठी को कहते हैं."

मी हसलो. हो, हसलो. आतून बायको आली आणि म्हणाली, "हसताय काय? त्यांचा चेहरा बघा."

मग कळलं. एकुलती एक लेक, जुबेदा. फाळणीनंतर नवऱ्याबरोबर कराचीला गेलेली. आधी पत्रं यायची. दोन वर्षांत एकही नव्हतं. बंद कोठीच्या पत्त्यावरची डाक कुठे जाते कोण जाणे. दुसऱ्याच दिवशी मी सक्सेनांना घरी आणलं, त्यांनी उर्दूत पत्र लिहिलं, आणि खाली पत्ता माझ्या क्वार्टरचा दिला.

तीन महिन्यांनी उत्तर आलं, जावयाचं. सक्सेना उभ्यानेच वाचू लागले आणि दुसऱ्या ओळीला थांबले. रहमतमियाँ केळीचं आळं करत होते. "पढ़िए," ते म्हणाले. "रुकने से लिखा हुआ बदलेगा नहीं."

जुबेदा दोन वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली होती. तेव्हाच कळवलं होतं, कोठीच्या पत्त्यावर. मुलगी वाचली होती, आजीकडे वाढत होती.

रहमतमियाँनी आळ्याची माती हातानं दाबली. मग विचारलं, "बच्ची का नाम क्या लिखा है?"

सक्सेनांनी पत्र पुन्हा वाचलं, पाठपोट पाहिलं. "नाम नहीं लिखा, मियाँ."

"देखिए ना. कोने में होगा कहीं."

नव्हतं.

त्याच दिवशी दुसरं पत्र टाकलं. त्यात तेवढा एकच प्रश्न होता. रहमतमियाँ कामावर येत राहिले. झारीनं पाणी घालताना पुटपुटायचे. मी एकदा कान दिला, तर ती मुलींची नावं होती. एकेक उच्चारून बघत होते. मला पाहून ओशाळले. "जो भी हो," म्हणाले, "बुलाने में छोटा हो तो अच्छा."

पावसाळा सरताना तापाचं निमित्त झालं आणि ते गेले. उत्तर आलं नाही. बदली झाली तेव्हा मी पोस्टात नवा पत्ता देऊन आलो, पुढच्या बदलीलाही दिला. आता सक्सेनाही नाहीत. ती मुलगी चाळिशीला आली असेल, तिला मुलं असतील. तिला लोक काय म्हणून हाक मारतात, ते मला अजून ठाऊक नाही.