कुपवाडची काळी चांदी

ती घटना आठवली की आधी डोळ्यांसमोर येतो एक पांढरा रंग. कुपवाडच्या एका छोट्या कारखान्यात स्विचमधल्या तांब्याच्या पट्ट्यांवर चांदीचा मुलामा देत. टाकीतून निघालेली पट्टी पाहिली की भर दुपारीही चांदणं पडल्यासारखं वाटायचं.

मी तिथं गेलो तो मालकाच्या तक्रारीवरून. गिऱ्हाइकानं सगळा माल परत पाठवला होता. पट्ट्या काळ्या पडून स्विच तापत होते. मुलामा देणारा कारागीर चांदी चोरतो आणि थर पातळ देतो, असा मालकाचा संशय. त्याच सकाळी आमच्या पोलीस ठाण्यात निनावी फोन आला, "चाचाच्या घरात चांदी हाय. बघा जाऊन."

चाचा म्हणजे तो कारागीर. साठीचा शांत माणूस, बोटं रसायनानं डागाळलेली. पंचांसमक्ष झडती घेतली. बायकोच्या पैंजणांखेरीज घरात चांदी नव्हती. तरीही मी त्यांना जीपमध्ये बसवलं. सगळी गल्ली दारात उभी होती.

ठाण्यात तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारले. खोटं बोलणारा तपशील बदलतो. चाचांचा एक शब्द बदलेना. शेवटी त्यांनी टेबलावरची काळी पट्टी उचलली आणि हवालदाराकडं दंतमंजन मागितलं. फडक्यानं हलकेच घासत राहिले. काळं निघालं, खालून पांढरं उमललं.

"साहेब, चांदी गेली न्हाई," ते म्हणाले. "हिला कशाची तरी हवा लागलीय."

थराची जाडी मोजून घेतली. ठरल्याइतकीच भरली.

मग मी चाचांना घेऊन कारखान्याच्या गोदामात गेलो. गिऱ्हाइकाकडं जाण्याआधी तयार माल तिथंच महिनाभर पडून होता. स्टोअरकीपरला किल्ली सापडायला फार वेळ लागला. रोज हाताळायची किल्ली सापडत नसेल, तर माणसाला दार उघडायचं नसतं.

दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थबकलो. तो वास माझ्या लहानपणाचा होता. द्राक्षबागेत वडील सकाळी गंधकाची भुकटी धुरळायचे. वेलींखाली पिवळसर धुकं तरंगायचं आणि त्यात ते चालत दिसेनासे व्हायचे. क्षणभर मी तिथंच होतो, त्यांची वाट पाहत.

भानावर येऊन कोपऱ्यातली ताडपत्री ओढली. खाली गंधकाच्या गोण्या.

"गंधक आन् चांदी एका खोलीत नांदत न्हाईत," चाचा हळूच म्हणाले.

स्टोअरकीपर खालीच बसला. "मेव्हण्याच्या बागेसाठी ठिवल्या व्हत्या, साहेब. मालकाला इचारलं न्हवतं. माल परत आला तवा लय घाबरलो." फोनही त्यानंच केला होता. जबाब नोंदवले. मालकानं चाचांना पुन्हा कामावर बोलावलं. "नको," एवढंच ते म्हणाले.

मी त्यांना घरी सोडायला गेलो. आता गल्लीत चारच माणसं होती. चाचा मान खाली घालून चालत होते. मी चौघांना सांगितलं, "यांची काही चूक नव्हती." मग लक्षात आलं, हे चौघांना सांगून भागणार नाही.

काय कमी झालं ते शोधताना वर काय बसलंय हे पाहायचं राहून जातं, हे त्या केसनं शिकवलं. आणि संशय घ्यायला एक फोन पुरतो. तो पुसायला स्वतः जावं लागतं. म्हणून त्या संध्याकाळी, अंगावर वर्दी असताना, मी त्या गल्लीतलं एकेक दार वाजवत गेलो.