दोन वर्षांच्या डिग्रीचा भाव

माझी लेक महत्त्वाच्या गोष्टी मला गाडीतच सांगते. तेव्हा माझे हात स्टिअरिंगवर असतात आणि मला फार आरडाओरडा करता येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. बारावीच्या हिवाळ्यात, आमच्या प्लेनो शहरातल्या हायवेवर, ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आई, आय डिसायडेड. मी डेंटल असिस्टिंग करणार. कम्युनिटी कॉलेज, टू इयर्स, असोसिएट डिग्री."

"डेंटिस्ट?" मी आशेनं विचारलं.

"नो. असिस्टंट. खुर्चीत लोक घाबरून बसतात ना, त्यांच्याशी बोलायला मला आवडतं. ड्रिल नकोय मला."

पायाखालची जमीन सरकायला माझा पाय जमिनीवर नव्हता, ॲक्सिलरेटरवर होता. एक्झिट चुकली. पुढची पण चुकली.

आमच्या घरात दाढ दुखली की आधी भारताची तिकिटं बघतात. इथल्या खुर्चीचे दर ऐकून माझी दाढ आपोआप दुखायची राहते, आणि रूट कॅनाल पुण्यात होतो. त्याच फेरीत तुळशीबागही होते. तिथे माझी पद्धत ठरलेली: अर्धा भाव सांगायचा, दुकानदार नाही म्हणाला की पाठ फिरवायची आणि चालू लागायचं. मागे वळून बघायचं नाही. चार पावलांत हाक येतेच. लहानपणी लेक पिशव्या घेऊन मागे उभी असायची, शरमेनं लाल झालेली.

तर एवढ्या महागड्या धंद्यात शिरायचं आणि डॉक्टरच्या शेजारी सक्शनची नळी धरून उभं राहायचं? मला राग आला, रडू आलं, मग पुन्हा राग आला. नवरा "बघू" म्हणाला आणि मीटिंगला बसला. आम्ही दोघं पुण्याचे इंजिनिअर. कुठलं सॉफ्टवेअर घेणं कंपनीला परवडेल, याचा हिशोब मांडणं हीच माझी नोकरी. म्हटलं, आता हिलाही मांडूनच दाखवते.

आठवडाभर एक्सेल चाललं. एका बाजूला दोन वर्षांची फी, पुस्तकं, पेट्रोल आणि तेवढ्या काळात बुडणारा पगार. दुसऱ्या बाजूला नोकरी लागल्यावर मिळणारे पैसे. शेजारी, याच कामाचा काही महिन्यांत संपणारा सर्टिफिकेट कोर्सही धरला. आणि मीच हबकले. आसपासच्या क्लिनिकच्या जाहिरातींत डिग्रीवालीचा आणि सर्टिफिकेटवालीचा सुरुवातीचा पगार जवळजवळ सारखाच होता! काही जाहिरातींत तर लिहिलं होतं, अनुभव नको, कोर्स नको, आम्ही शिकवू. धक्का बसला खरा, पण आतून मी खूश होते. आता ही डिग्री निकालात निघणार होती.

रविवारी पोह्यांच्या बशीशेजारी लॅपटॉप ठेवला. तिनं सगळं शांतपणे बघितलं.

"सो डिग्री यूसलेस आहे?"

"पैशाच्या दृष्टीनं, हो."

"ओके. देन आय वोन्ट डू इट." मी सुटकेचा निःश्वास टाकणार, तोच ती उठली. "मी सॅटर्डेला त्या डेंटल क्लिनिकच्या रिसेप्शनला बसते ना, तिथले डॉक्टर म्हणाले, जूनपासून फुलटाइम ये, आम्हीच ट्रेन करू. फी झीरो. थँक्स, आई." बशी उचलून ती सिंककडे चालू लागली.

काहीच डिग्री नाही? आमच्या नातेवाइकांत ज्याला सगळ्यांनी ओवाळून टाकलं होतं, तोसुद्धा बी.कॉम. आहे. उद्या त्या डॉक्टरांनी क्लिनिक बंद केलं तर? चाळिशीत उभं राहून पाय दुखायला लागले तर? मला मनापासून भीती वाटली. मी लॅपटॉप उचलून तिच्या मागे धावले, आणि आठवडाभर जिला नावं ठेवली त्या डिग्रीची वकिली सिंकपाशी उभी राहून करू लागले.

"अगं, क्रेडिट्स राहतात हातात! उद्या हायजिनिस्ट व्हावंसं वाटलं तर? ती स्वतः दात साफ करते, तिला कितीतरी जास्त मिळतात, पण तिथे कॉलेज लागतंच. यातले काही विषय तरी धरतील. पुढे चार वर्षांची डिग्री करायची ठरवलीस, तर शून्यापासून सुरुवात नको. हे मी धरलंच नव्हतं!"

"पण सॅलरी सेम आहे. तूच म्हणालीस."

"सुरुवातीची! पुढचं कोण बघणार?"

"आणि फी?"

"मी भरते ना! डिग्री करायचीच."

तिनं नळ बंद केला आणि वळली. चेहऱ्यावर हसू होतं. ते हसू मी कुठेतरी बघितलेलं होतं.

"त्या डॉक्टरांनी खरंच विचारलंय?" मी विचारलं.

"हो, खरंच. बट मला कॉलेजलाच जायचं होतं."

"मग आत्ता हे काय होतं?"

"तुळशीबाग," ती म्हणाली. "फोर स्टेप्स पण झाल्या नव्हत्या, आई."

टेबलाशी नवऱ्याला पोह्यांचा ठसका लागला. मी हातातला लॅपटॉप ओट्यावर ठेवला. मग उभ्या उभ्याच पहिल्या सेमिस्टरची फी भरून टाकली. काही कमी होतंय का, एवढंही विचारलं नाही.